पाळीची कळ, पायाची नस आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

(लोणंद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तो पुढे गावोगाव पसरला आणि माझ्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांचे कॉलेज झाला. मी जे काही शिकलो ते अशाच मांडवात मागच्या रांगेत बसून, युनियनच्या कचेरीत पुस्तके चाळून आणि ज्यांना कळते त्यांना न लाजता विचारून शिकलो. तेव्हा आज वैद्यकाच्या विषयावर बोलायला उभा राहिलो असलो, तरी डॉक्टरकीचा आव मी आणणार नाही. एका कामगार कार्यकर्त्याला जे समजले, ते समजले तसे सांगणार आहे. औषधाचा सल्ला ज्याचा त्याने डॉक्टरांकडूनच घ्यावा.

विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्याने मला बाजारात गाठले आणि विचारले, "बोनस, पगारवाढ, कंत्राटी पद्धत हे विषय संपले की काय, म्हणून तुम्ही बायकांच्या दुखण्यात शिरलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० साली. त्या वर्षी कामगारांची जी प्रचंड सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. म्हणजे कामगार स्त्रीचे शरीर हा आमच्या चळवळीचा विषय शंभर वर्षांपासून आहे. बाळंतपण मोठे आणि डोळ्यांना दिसणारे, म्हणून ते कायद्यात आले. महिन्याच्या महिन्याला येणारी कळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती बाहेर राहिली. एवढाच काय तो फरक. आणि लाजेचे म्हणाल, तर र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून अशा विषयांवर शुद्ध मराठीत आणि उजळ माथ्याने लिहिता येते हे दाखवून ठेवले आहे. आपण त्यांच्यापुढे गेलो नाही तरी निदान मागे तरी जाऊ नये.

आता विषयाकडे वळतो. या रोगाचे नाव एंडोमेट्रिओसिस. नाव परके आहे, पण रोग परका नाही. गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही म्हणजे गळून पाळीवाटे बाहेर पडते. या अस्तरासारख्याच पेशी काही स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयाबाहेर सापडतात. कधी बीजांडकोशावर, कधी गर्भाशयाच्या मागच्या बाजूस, कधी आतड्यावर, तर कधी मूत्राशयावर. पाळीच्या रसांना त्याही प्रतिसाद देतात, सुजतात, त्यांतून रक्त झिरपते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तेथे दाह होतो, व्रणासारखे घट्ट धागे तयार होतात आणि आतले अवयव एकमेकांना चिकटून बसतात.

व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की या शास्त्रज्ञाने १८६० साली अशा गाठींचे वर्णन केले. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या डॉक्टरने १९२० नंतरच्या दशकात या रोगाचा कसून अभ्यास केला. पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्याबरोबर गेलेल्या पेशी तेथे रुजतात, अशी उपपत्ती त्याने मांडली. ती आजही प्रमुख मानली जाते, पण पुरी पडत नाही. कारण उलटे रक्त बहुतेक सर्वच स्त्रियांच्या पोटात जाते, आणि रोग मात्र काहींनाच होतो. या काही म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननाच्या वयातील शंभरांत सुमारे दहा, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी. रोगाचे नाव कळायलाच चार ते बारा वर्षे लागतात, असेही तीच संघटना सांगते. बंधुभगिनींनो, चार ते बारा वर्षे! आमच्याकडे कोर्टातील खटलासुद्धा कधी कधी त्याच्या आधी निकालात निघतो.

ही वर्षे कोठे जातात? ती घरात जातात. "पाळीत दुखायचेच", "एक मूल झाले की थांबेल", "आमच्या वेळी आम्ही नाही का सोसले?" असे म्हणण्यात जातात. आणि हे बहुधा आई, सासू, थोरली जाऊ अशी प्रेमाची माणसेच म्हणतात. पाळीत थोडे दुखणे सर्वसाधारण आहे, हे खरे. पण ज्या दुखण्याने मुलगी शाळा बुडवते, बाई कामावर जाऊ शकत नाही, भाकरी थापताना चुलीपुढून उठून आडवी होते, ते सर्वसाधारण नव्हे. ही एक रेघ जरी आज आपण मनात ओढून घेतली तरी माझे येथे येणे कारणी लागले असे मी समजेन.

आता या रोगाच्या एका आडवाटेच्या रूपाकडे येतो. आपल्या ओटीपोटाच्या मागच्या भिंतीला लागून मोठमोठ्या नसा जातात. येथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, संवेदनेची आणि हालचालीची. तिला ग्रंथांत मज्जातंतू म्हणतात. कमरेच्या आणि त्याखालच्या मणक्यांतून निघालेले पाच दोर एकत्र होऊन अंगठ्याएवढी जाड एक नस तयार होते. ती ढुंगणातून मांडीच्या मागून थेट पावलापर्यंत जाते. आपण ज्याला सायटिका म्हणतो ते हिचेच दुखणे. दुसरी एक नस मांडीच्या आतल्या अंगाला जाते, तिसरी बैठकीच्या जागेला. याखेरीज केसासारख्या बारीक नसांचे एक जाळे मूत्राशयाला आणि गुदाशयाला पोचते. लघवीची भावना होणे, ती पुरी होणे, शौचाला साफ होणे, हे सारे त्या जाळ्यावर अवलंबून असते.

एंडोमेट्रिओसिसची गाठ क्वचित या नसांवर किंवा नसांच्या वेष्टनात जाऊन बसते. १९४६ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात पायाच्या मोठ्या नसेवर असा रोग सापडल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. म्हणजे ही गोष्ट जुनी आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे. तिची ओळख पटवणारी खूण मात्र इतकी सोपी आहे की ती सांगायला यंत्र लागत नाही. ती खूण म्हणजे तारीख. पाळीच्या एकदोन दिवस आधी ढुंगणात कळ सुरू होते, ती पायात उतरते, पाळी संपल्यावर ओसरते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुढे पुढे मधले बरे दिवस कमी होत जातात आणि दुखणे बारमाही होते. काहींचे पाऊल बधिर होते, चप्पल पायातून निसटते, पंजा वर उचलत नाही. बैठकीची नस धरली असेल तर बसवत नाही आणि उभे राहिल्यावर बरे वाटते. जाळ्यातल्या बारीक नसा धरल्या असतील तर लघवीला सारखी घाई होते किंवा ती पुरी होत नाही.

आमच्या भागातील एका कारखान्यात पॅकिंगवर काम करणाऱ्या एका भगिनीचे प्रकरण युनियनकडे आले ते दुखण्याचे म्हणून नव्हे, तर गैरहजेरीचे म्हणून. कारखान्याचे आणि तिचे नाव मी घेत नाही. उजवा पाय दुखतो, म्हणून वर्षभर तिचे कमरेला पट्टा बांधणे, वजन लावणे, इंजेक्शने घेणे चालू होते. मणक्याचे ऑपरेशन करण्यापर्यंत मजल गेली होती. इकडे चौकशीची नोटीस निघाली होती. चौकशीत हजेरीपुस्तक पुढे आले. चौदा महिन्यांचे खाडे आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने उतरवले. ते विखुरलेले नव्हते. दर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी तीन-चार खुणांचा एक झुबका, असे ते झुबके होते. कामचुकार माणूस इतका नियमित नसतो! सोमवारी दांडी मारणारा सोमवारी मारतो, जत्रेला जाणारा जत्रेला जातो. चंद्रासारखे वेळापत्रक फक्त शरीराचे असते. तो कागद घेऊन ती पुण्याला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्यांनी तो पाहिला आणि आजवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारला: "पाय पाळीबरोबर दुखतो का?" मग मणक्याऐवजी ओटीपोटाचा एम.आर.आय. झाला आणि उजव्या बाजूच्या मोठ्या नसेजवळ गाठ दिसली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नेहमीची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे हा रोग नाही असे ठरत नाही. खोल बसलेला रोग पाहायला त्यातला जाणता डोळा लागतो, आणि एम.आर.आय. काढतानाही नसांची बाजू पाहा असे आधी सांगावे लागते. रक्ताची अशी कोणतीही तपासणी आज नाही की जिच्या कागदावर या रोगाचे नाव छापून यावे.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. दुर्बिणीने पोटात पाहण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत केलिंग याने १९०१ साली कुत्र्याच्या पोटात नळी घालून पाहिले. स्वीडनच्या याकोबेअस याने १९१० साली माणसाच्या पोटात पाहिले. पाहणे झाले, पण दुर्बिणीतून कापणे-शिवणे पुढे आणले ते मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञांनी. कील शहरातील कुर्ट झेम याने १९८० साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्याच्याच देशातील शल्यविशारद त्याच्यावर तुटून पडले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ च्या सुमारास दुर्बीण हातात घेतली आणि १९९० साली तिच्यातून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. सरकारी इस्पितळातील गरीब रोगी लवकर उठून कामाला लागला पाहिजे, ही दृष्टी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. २०२३ साली ते निवर्तले. खेड्यातल्या आमच्या आयाबहिणींना तर ही विद्या निराळ्याच नावाने ठाऊक आहे. कुटुंबनियोजनाच्या शिबिरातले 'बिनटाक्याचे ऑपरेशन' ते हेच.

कृती अशी. रोग्याला पुरी भूल देतात. बेंबीजवळ बोटाच्या पेराहून लहान छेद घेऊन पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरतात. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच हा वायू. तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो, म्हणून त्याची निवड. पोट तंबूसारखे उचलले जाते आणि आत काम करायला जागा होते. त्या छेदातून दुर्बीण जाते, आणखी दोन-तीन बारीक छेदांतून लांब दांड्याची हत्यारे जातात. डोके खाली आणि पाय वर असे टेबल कलवतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे दिसते. पडद्यावर सारे कित्येक पटींनी मोठे होऊन येते.

नसेपर्यंत पोचायचे ते पोटाच्या आतल्या पातळ पडद्यामागे. कांद्याचा बाजार असलेल्या गावात हे समजावून सांगणे सोपे आहे. आतही पदरामागे पदर असतात आणि दोन पदरांच्या मधून गेले तर रक्त फारसे येत नाही. पदर फाडला तर मात्र डोळ्यांत पाणी येते! शल्यविशारद आधी मूत्रनलिका शोधून बाजूला जपतो, मग मोठ्या रक्तवाहिन्या ओळखतो, त्यांच्या पलीकडच्या खोलगट जागेत उतरतो आणि नस उघडी करतो. मग गाठ नसेपासून कणाकणाने सोडवतो. वरवर जाळून भागत नाही. शेतातली हरळी वरून पेटवली तर पावसाबरोबर पुन्हा उगवते. तिची मुळी खुरप्याने खणावी लागते, आणि येथे तर मुळी विजेच्या तारेला वेटोळे घालून बसलेली असते. झ्यूरिखचे डॉ. मार्क पोसोव्हेर यांनी ओटीपोटातील नसांच्या रोगांची एक स्वतंत्र शाखाच उभी केली. बारीक नसा वाचवून शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग त्याच्याही आधी जपानी शल्यविशारदांनी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आखला होता. आणि हे सगळे परदेशातच होते असेही नाही. पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर दुर्बिणीतून करावयाच्या शस्त्रक्रियेची बसवलेली पद्धत 'पुणे पद्धत' म्हणून वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहे. देशातील पहिले गर्भाशयाचे रोपणही २०१७ साली त्यांच्याच चमूने पुण्यात केले. ओटीपोटात इतक्या खोल जाणारे हात आपल्या गाडीच्या वाटेवर आहेत, एवढेच मला सांगायचे आहे.

पण मी युनियनचा माणूस आहे. करारातली वरची ओळ वाचून सही करणे आम्हाला शिकवलेले नाही, बारीक अक्षरही वाचावे लागते. छेद लहान असला म्हणून शस्त्रक्रिया लहान होत नाही. आतडे, मूत्रनलिका, रक्तवाहिनी यांना इजा होऊ शकते. दोन्ही बाजूंच्या बारीक नसा दुखावल्या तर लघवी आपोआप होत नाही, काही काळ आणि क्वचित कायम नळी वापरावी लागते. पायाची नस बरी व्हायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि व्यायामोपचार नेटाने करावा लागतो. रोग पुन्हा उद्भवू शकतो. म्हणूनच प्रत्येकीला कापायचे नसते. पुष्कळ जणींना गोळ्यांनी पाळीचे चक्र दाबून आराम पडतो आणि तोच मार्ग आधी पाहतात. मात्र पायातली शक्ती जाऊ लागली असेल तर वाट पाहण्यात तोटा आहे. फार दिवस आवळलेली नस सोडवली तरी पुरती जागी होत नाही. आमच्या त्या भगिनीची शस्त्रक्रिया झाली, चार महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. टाच अजून थोडी बधिर आहे, गोळी चालू आहे. नोकरी टिकली. यापेक्षा अधिक रंगवून मी सांगणार नाही.

आता एक जड गोष्ट बोलायची आहे. दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात येतात. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता', त्यावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस चुकला की खाड्याचा दंड. २०१९ साली या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघडकीस आले. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांना कोणता रोग होता याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतो आहे त्या समजुतीबद्दल, की पिशवी काढली म्हणजे बाईचे दुखणे संपले आणि खाडाही संपला.

एंडोमेट्रिओसिसपुरती तरी ही समजूत खोटी आहे. हा रोग पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी काढली आणि आतड्यावरची, नसेवरची गाठ तशीच ठेवली, तर घराचे दार काढून नेले आणि चोर माडीवर राहिला, असे होते. शिवाय बीजांडकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे वय लादले जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. कोणी म्हणेल, "ज्या बाईला एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही, तिला तुम्ही नसांची दुर्बीण काय सांगता?" मी म्हणतो, तिलाच सांगितली पाहिजे. जिला परवडते तिला डॉक्टर सांगतीलच. अवयव काढून टाकणे हा गरिबांचा उपचार आणि अवयव जपणे हा श्रीमंतांचा उपचार, ही वाटणी आपण मान्य करता कामा नये.

मग करायचे काय? पहिले, घरात. पाळीची तारीख आणि दुखण्याची तारीख कॅलेंडरवर शेजारीशेजारी लिहा. दुधाचा हिशेब जेथे लिहिता तेथेच लिहा. तीन-चार महिन्यांचा तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. पाय, बैठक, लघवी, शौच यांतले काय पाळीबरोबर बिघडते ते लाजू नका, सांगा. दुसरे, दवाखान्यात. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर "रोग कोठे आहे? पिशवी काढून तो जाईल का?" हे दोन प्रश्न विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. नसेजवळची शस्त्रक्रिया असेल तर अशा किती केल्या, नसा वाचवण्याची काय काळजी घेणार, हेही विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जात असेल तर आजारपणाचा दाखला वेळेत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, खर्चाचे कागद करण्यापूर्वी त्याला गाठा.

तिसरे, कामाच्या जागी. गैरहजेरीची नोटीस काढण्यापूर्वी तारखा पाहा, ही मागणी प्रत्येक युनियनने करावी. उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीला बसायला स्टूल द्या. त्या दिवसांत हलके काम द्या. बिहारमध्ये सरकारी नोकरीतील स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची खास रजा आहे. ती दिल्याने बिहार सरकार काही बुडाले नाही. कोणी म्हणतात, अशी रजा मागितली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत. रविवारची सुट्टी मागितली तेव्हाही कारखाने बुडतील असेच सांगितले गेले होते.

आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. आपली दुखणी परपुरुषाला सांगायला येथील स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, या तळमळीने त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आज गावोगाव स्त्री डॉक्टर आहेत, पुण्यात दुर्बिणी आहेत, त्या चालवणारे कसबी हात आहेत. राहिला आहे तो फक्त घर आणि दवाखाना यांच्यामधला संकोच. तो ओलांडायला बोट लागत नाही, घरातल्या एका माणसाने "तुला नेमके कुठे दुखते आणि कधी?" एवढे विचारावे लागते. ते विचारणारा पुरुष असला तरी त्यात कमीपणा नाही.